गोंगाटाला गोधडी

मजलिसच्या गाद्यांना खोळी शिवणं हा माझा धंदा. दोह्यात नजम्याला, एका कॅफेटेरियाच्या वरच्या दोन खोल्यांत मी तो कित्येक वर्षं केला. मजलिस म्हणजे अरबांच्या घरातली पाहुण्यांची बैठक. खुर्च्या नाहीत, भिंतीला लागून जमिनीवर जाड गाद्या, पाठीला तक्के, मध्ये कोपर टेकायला चौकोनी उशा. बघायला सोपं, शिवायला बसलं की कळतं. खोळीचा कोपरा बोटभर तिरका गेला तर सगळी बैठक वाकडी दिसते आणि घरधनीण टेप घेऊन उभी राहते. मला हे कुणी शिकवलं नाही. रत्नागिरीजवळ खाडीकाठी आमचं गाव, तिथं सातवीपर्यंत मराठी शाळा, मग लग्न, मग ह्यांच्यामागून कतार. हे एका कंपनीत ड्रायव्हर. एकदा रस्त्याकडेला कुणी जुनी गादी टाकून दिलेली दिसली, ती वर आणली, खोळ टाकान् टाका उसवली आणि पुन्हा जशीच्या तशी शिवली. झाले मी शिंपीण.

या अंकाच्या संपादकबाई मला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात; त्या म्हणाल्या, अरबांच्या घरातल्या गमती लिहा. लिहिल्याही असत्या. पण एवढ्या वर्षांत मी खरी हबकले ती अरबाच्या घरात नाही. हबकले ती नाशिकच्या भालेरावांकडे, आणि तीही एका हेवी मेटल बँडपायी. हे शब्द मी लिहितेय म्हणून आमची सून शेजारी बसून हसतेय. हसू दे.

भालेराव राहायचे उम्म सलाल मोहम्मदला, दोह्याच्या उत्तरेला. जुनी व्हिला, आसपास शेतं आणि दोन-चार दुकानं, आणि फाटकाजवळ घरापासून सुटी अशी एक मजलिसची खोली. भालेरावभाऊ गॅसच्या प्रोजेक्टवर इंजिनियर. मृणालवहिनी माझ्याकडून पडदे शिवून घ्यायच्या, तशी ओळख. एकुलता मुलगा निखिल, बारावीत. वहिनी मराठीत विचारणार आणि तो इंग्रजीत उत्तर देणार, ही तिथल्या घरोघरची तऱ्हा. माझ्याशी मात्र मोडकंतोडकं मराठी बोलायचा.

एक दिवस वहिनींचा फोन आला. भाऊ घरमालकाला भाडं द्यायला गेले होते, ते निरोप घेऊन आले होते. मजलिसमध्ये पोरं वाजवतात त्याबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आहे, पुन्हा आली तर घर सोडा. वहिनी म्हणाल्या, हमीदाताई, चांगले जाड पडदे लावून द्या, काहीही करा, पण आवाज बाहेर जाता कामा नये. मी म्हटलं, आधी आवाज तरी ऐकू दे.

गेले. तीन पोरं उभी होती. निखिलच्या गळ्यात गिटार. बेसिल नावाचा केरळचा मुलगा ड्रमच्या मागे. आणि करीम, सुदानचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, त्याच्या हातात मोठ्या तारांची दुसरी गिटार. मी गादीवर बसले, पदर सावरला आणि म्हटलं, वाजवा.

काय सांगू. माझ्या छातीतलं काळीज जागचं हललं. खिडकीच्या काचा थरथरल्या. आणि वर निखिल, माझ्याशी बोलताना मान खाली घालणारा तो पोर, तोंड उघडून असा गुरगुरायला लागला की मी उठून त्याला पाणी द्यायला निघाले. मला वाटलं, पोराला काहीतरी झालं. वहिनींनी हात धरून खाली बसवलं. त्या म्हणाल्या, हे गाणं आहे.

गाणं संपल्यावर मी विचारलं, एवढं कशासाठी ओरडतोस रे, कुणी मारलं का तुला? तो लाजला. म्हणाला, खाला, हे ॲलनवर आहे. ॲलन म्हणजे त्यांचा आधीचा गाणारा, गोव्याचा. त्याच्या बापाला कॅनडाला नोकरी लागली नि सगळं घर गेलं. मग दुसरा गाणारा आला, त्याच्या वडिलांची बदली झाली. मग निखिलच ओरडायला लागला. गाण्यात एवढंच होतं की मित्र एअरपोर्टवर आत गेला आणि काचेपलीकडून त्याने हात केला. मी थक्क झाले. एवढ्या गदारोळाच्या आत हे एवढंसं होतं.

बँडचं नाव रस्टेड ढाऊ. ढाऊ म्हणजे तिथली गलबतं. मी म्हटलं, बाबांनो, मी खाडीकाठची, गलबत लाकडाचं असतं, ते कुजतं, गंजत नाही. करीमला हिंदीत समजावून सांगितलं तर तो इतका हसला की त्याला गादीवर आडवं व्हावं लागलं. निखिल म्हणाला, खाला, मेटल आहे ना आपलं, गंजलंच पाहिजे.

आता कामाचं सांगते. पडद्याने आवाज अडत नाही, पडदा म्हणजे नुसतं कापड. मला आठवली आमची गोधडी. थंडीत डोक्यावरून घेतली की बाहेरचं बोलणंही मऊ होऊन येतं, लहानपणापासून माहीत. म्हटलं, भिंतींना गोधड्या घालू. पण गोधडीला लागतं जुनं सुती कापड, आणि दोह्यात जुनं कापड मिळत नाही. जो तो जुने कपडे खोक्यात भरून गावाला पाठवतो. मग नजम्यातल्या बॅचलर खोल्यांतून फिरले. आठ-आठ, दहा-दहा माणसं एका खोलीत राहणारी, त्यांच्याकडे विटलेल्या चादरी, लुंग्या असायच्या. एका चादरीला एक डबा बिर्याणी, असा भाव ठरवला. वरून पोरांना काळंच हवं होतं. अबायाच्या, म्हणजे तिथल्या बायकांच्या काळ्या झग्यांच्या, दुकानातले कापडाचे तुकडे आणले. कापडात काळं म्हणजे एक काळं नसतं. कुठलं हिरवट, कुठलं तांबूस, दिव्याखाली कळतं. अबायावाल्यांकडचं काळं मात्र खरं काळं.

आत चादरींचे थर, वर काळं, आणि कडेकडेने फिरत आतपर्यंत धावदोरा. भिंतीला चिकटवून नाही लावल्या. सुताराकडून पट्ट्या मारून घेतल्या आणि भिंतीपासून हातभर सुट्या टांगल्या. गिटार आणि गुरगुर यांचा आवाज बसला. ड्रमचा बसेना. तो भिंतीतून जातच नव्हता, फरशीतून जात होता. मग ड्रमखाली मजलिसच्या दोन जुन्या गाद्या, त्यावर फळी. तरीही बाहेर येतंच होतं, ते एसीच्या खिडकीतून. तिथे काही इलाज नाही. पोरांनी एसी बंद करून, तिथंही गोधडी कोंबून वाजवायला सुरुवात केली. एप्रिलच्या उन्हात ती खोलीतून बाहेर यायची ती समुद्रातून काढल्यासारखी भिजून. अजान झाली की करीम हात वर करायचा, सगळं थांबायचं. तो कोपऱ्यात नमाज पढायचा, बाकीचे दोघे बाहेर बसून लबन, म्हणजे तिथलं ताक, प्यायचे आणि नमाज झाला की पुन्हा सुरू.

मी स्वतः फाटकाबाहेर, शेजारच्या भिंतीला लागून उभी राहून ऐकलं. आत तिघं जीव तोडून वाजवत होते आणि बाहेर जेमतेम धुगधुग. माझी मान ताठ झाली. पुढं दोह्यात अशा आणखी चार-सहा पोरांच्या खोल्या मी केल्या, पण ती पहिली.

पोरांना एक कार्यक्रमही मिळाला होता. भारतीयांच्या एका मंडळाचा वार्षिक मेळावा, गुरुवारची संध्याकाळ, शाळेचा हॉल. लहान मुलींचा कोळी डान्स आणि रॅफलची सोडत यांच्या मधली थोडी मिनिटं. आजवर त्यांनी वाढदिवसाला नाहीतर कुणाच्या गच्चीवर वाजवलेलं. स्टेज, माइक, दिवे, हे पहिल्यांदा. आणि बेसिल बारावी झाल्यावर बंगलोरला जाणार होता, म्हणजे पहिलं आणि शेवटचं.

अशात भाऊ दुसरा निरोप घेऊन आले. घरमालक म्हणतो, पुन्हा तक्रार आली, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी घर खाली करा. मी तेव्हा स्वयंपाकघरात वहिनींच्या पडद्याचं माप घेत होते. वहिनी म्हणाल्या, दुसरं घर बघू. भाऊ म्हणाले, भाडी कुठे पोचलीत माहीत आहे का, तुम्ही दोघं नाशिकला जा, मी एकटा कुठंतरी खोली घेऊन राहतो. निखिल दारात उभा होता. मजलिसमध्ये जाऊन त्याने वायरी गुंडाळायला घेतल्या.

मी रात्रभर विचार करत राहिले. माझं काम फुकट कसं गेलं? मी ऐकलंय ना भिंतीपलीकडून. दुसऱ्या दिवशी मुद्दाम शेजारी गेले. शेजारी एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, मास्तरीण. ती म्हणाली, कसली तक्रार, आधी माझी मुलं झोपायची नाहीत, आता काही ऐकूच येत नाही. दुसऱ्या बाजूचं घर कुलूपबंद, माणसं सुट्टीवर. मागे खजुराची बाग. मग तक्रार केली कुणी, खजुरांनी?

घरमालक बू राशिद, म्हातारा कतरी. वहिनींच्या ओळखीवर त्याच्या घरच्यांनी मला मजलिसच्या खोळी शिवायला दिल्या होत्या. त्या पोचवायला गेले तेव्हा म्हातारा स्वतः एकेक कोपरा हाताने चाचपून बघत होता. जुने कतरी हिंदी बोलतात, मुंबईशी येणंजाणं होतं त्यांचं. मी धीर करून म्हटलं, बाबा, त्या मुहंदिसच्या, इंजिनियरच्या, पोरांना माफ करा, आता आवाज येत नाही.

तो वर बघून म्हणाला, "मैं कब गुस्सा हुआ?"

मी म्हटलं, शकवा, तक्रार, आली ना दोनदा तुमच्याकडे, घर खाली करा म्हणालात.

"शकवा खुद मुहंदिस लेके आया," म्हातारा म्हणाला. "बोला, बाबा, तुम मेरे को बोलो, घर खाली करो. मैं बोला, काहे को? तुम अच्छा आदमी है. बोला, बस तुम्हारा नाम चाहिए."

मुहंदिस म्हणजे आपले भाऊच. इंजिनियर माणूस, शिकलेला, मवाळ. त्याने स्वतःच्याच घराविरुद्ध स्वतःच तक्रार केली होती. बू राशिद पुढे बोलतच होता. पोरांचा आवाज त्याला आवडायचा म्हणे. लहानपणी तो मोत्यांच्या बोटीवर होता, तिथे दोर ओढताना माणसं घशातून असाच खोल आवाज काढायची. पूर्वी संध्याकाळी तो मुद्दाम गाडी त्या बाजूने न्यायचा, हल्ली काही ऐकू येत नाही, पोरं गेली का, असं त्यानेच मला विचारलं. मी खोळींचा हिशेब न करता निघून आले.

आता करावं काय? वहिनींना सांगू तर नवराबायकोत आग. न सांगू तर पोर मनातल्या मनात जळतंय. दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी राहिलेले पडदे द्यायला उम्म सलालला गेले तर निखिल फाटकाशी भेटला. म्हणाला, खाला, मी गिटार विकतोय, नजम्याच्या दुकानवाल्याशी बोलणं झालं. शो कॅन्सल. घरमालकाला जाऊन सांगणार की आता आवाज होणार नाही, आम्हाला राहू द्या. आई रोज रडते, माझ्यामुळे.

त्या दिवशी नेहमीसारखं वहिनींनी भाऊंना सांगितलं, हमीदाताईंना नजम्याला सोडून या. मी मागच्या सीटवर बसले. असरचा, म्हणजे तिसऱ्या प्रहरचा, नमाज होऊन गेलेला, उन्हं कलली होती. भाऊ आरशात दिसत होते, नुसते डोळे.

मी म्हटलं, "भाऊ, शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. मी विचारून आले."

पुढे गोल चौक आला. आमचा रस्ता उजवीकडे, ते वळलेच नाहीत. गाडी चौकाला एक फेरी घालून पुन्हा तिथेच आली.

"बू राशिदकडे गेला होतात?"

"गेले होते."

आणखी एक फेरी. मग कसेबसे बाहेर पडलो आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. प्रोजेक्ट संपला होता. त्यांना नोटीस मिळाली होती, उन्हाळ्यापर्यंतच नोकरी. रोज डबा घेऊन ऑफिसला जायचे, रिकाम्या टेबलाशी बसून यायचे. दुसरीकडे अर्ज केले, कुठून काही नाही. बापाची नोकरी गेली की बापाचा व्हिसा जातो, आणि त्यावर राहणारं सगळं घर जातं. निखिलचा जन्मही तिथलाच.

मी म्हटलं, मग सांगायचं ना घरात. यात तुमचा काय दोष?

ते म्हणाले, "घरमालकानं काढलं म्हटलं की लोक हळहळतात, ताई. नोकरी गेली म्हटलं की कारण विचारतात. नाशिकला माझे भाऊ विचारतील, हिची बहीण विचारेल. मला वाटलं, घराचं निमित्त होईल, ही दोघं आधी जातील, मी मागून सावकाश सांगेन."

"आणि पोराला वाटतंय, त्याच्या गाण्यानं घर गेलं."

"लहान आहे. विसरेल तो."

"तो गिटार विकतोय, भाऊ. दुकानवाल्याशी बोलून आलाय."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर तसाच टिकटिकत राहिला. हे त्यांना माहीतच नव्हतं. एवढा मोठा डाव आखला आणि त्यात पोर कुठं सापडेल याचा हिशेब केला नव्हता. आरशातले डोळे मला दिसेनात. त्यांनी मान खाली घातली होती. मी परकी बाई, शिवणवाली, मला बोलायचा हक्क नव्हता. तरी म्हटलं, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. ते म्हणाले, उद्या शुक्रवार आहे, सुट्टी आहे, उद्या सांगतो.

शुक्रवारी मी गेले. एक गोधडी पट्टीवरून सुटली होती, ते निमित्त. तिन्ही पोरं मजलिसमध्ये सामान आवरायला आली होती. मी स्टुलावर चढून खिळ्याशी झटत होते तेवढ्यात भाऊ आत आले. त्या खोलीत पोरं वाजवायला लागल्यापासून ते कधी आले नव्हते. चारी बाजूंच्या काळ्या भिंती बघून क्षणभर दारातच थांबले. मग गादीवर बसले आणि सगळं सांगितलं. नोकरी, नोटीस, बू राशिद. एका दमात, जसं ऑफिसात रिपोर्ट वाचावा तसं.

निखिल इंग्रजीत काहीतरी भरभर बोलला. आवाज चढला, फुटला. मला एवढंच कळलं की तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, मला का असं वाटू दिलंत. मग तो थांबला आणि मराठीत बोलला, शब्द शोधत शोधत.

"बाबा, तुम्हाला आवडत नाही, बंद कर, असं सांगितलं असतं तर मी केलं असतं. भांडलो असतो. पण केलं असतं."

भाऊ म्हणाले, "आवडत नाहीच मला. पण बंद कर असं मला म्हणायचं नव्हतं."

गोधड्यांनी त्या खोलीतला सगळा प्रतिध्वनी खाल्ला होता, त्यामुळे बोलणं संपलं की अगदी कानात बोळे घातल्यासारखं व्हायचं. बेसिल बिचारा, मराठीतलं एक अक्षर कळत नाही, एकदा बापाकडे बघतोय, एकदा पोराकडे. शेवटी त्याने हळूच विचारलं, "शो है, या खलास?"

गुंडाळलेली एक वायर निखिलने सोडली आणि तिची पिन भिंतीतल्या सॉकेटात घातली.

वहिनींना भाऊंनी त्याच दुपारी सांगितलं. त्यांचा राग भाऊंवर दोन दिवस होता, माझ्यावर पुष्कळ दिवस. मला म्हणाल्या, "माझ्या घरातली गोष्ट माझ्याआधी तुम्हाला कळली, हमीदाताई. आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होतात." पुढे त्यांनी नाशिकहून पत्रं पाठवली, ईदला फोन केला, पण ती पूर्वीची वहिनी काही परत आली नाही. हे एक राहून गेलं.

बँडचं म्हणाल तर पुढं काही उरलं नाही. बेसिल बंगलोरला, करीम खार्तूमला परत, निखिल नाशिकला कॉलेजात. तिथल्या पोरांचे बँड असेच मरतात, भांडून नाही, व्हिसा संपून. पण गुरुवारचा कार्यक्रम झाला.

मी गेले होते, ह्यांना घेऊन. कोळी डान्सच्या चिमुरड्या टोपल्या घेऊन उतरल्या आणि ही तिघं चढली. समोर शालू नेसलेल्या बायका, सूट घातलेले पुरुष, रॅफलची तिकिटं हातात धरलेली. पहिला ठोका पडला आणि माझ्या पुढच्या रांगेतली बाई खुर्चीतून उडाली. इथं माझ्या गोधड्या नव्हत्या. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या हॉलमध्ये मोकळं सुटलं. मीसुद्धा हादरले, हेच मी खोलीत ऐकत होते यावर माझा विश्वास बसेना. आमचे हे माझ्या कानाशी ओरडून विचारायला लागले, आपण घरी जायचं का? लेकरं रडायला लागली. कमिटीचा एक माणूस साउंडवाल्याकडे धावला. आणि निखिल डोळे मिटून ॲलनचं गाणं म्हणत होता, गळ्याच्या शिरा तटतटून.

भाऊ पुढं, बाजूच्या भिंतीशी उभे होते. दोन्ही कानांवर हात. तोंड कसनुसं झालेलं. खरंच सहन होत नव्हतं त्यांना, दिसत होतं. पहिल्या रांगेतले एक बडे गृहस्थ तणतणत उठले, भाऊंच्या अगदी तोंडाशी गेले आणि ओरडून विचारू लागले की हा काय तमाशा आहे, कुणाची पोरं आहेत ही, कुणी परवानगी दिली.

भाऊंनी कानांवरचे हात काढले.

"बीचवाला मेरा बेटा है," ते म्हणाले. "कंप्लेंट है तो मेरे को बोलो."